फळ्यावर जन्मलेली भाषा

बीजगणिताच्या पहिल्याच धड्यात मुलास सांगण्यात येते की 'कख' म्हणजे क गुणिले ख. आणि तोच मुलगा आदल्या वर्षी हे शिकून आलेला असतो की २५ म्हणजे २ गुणिले ५ नव्हे. उणे चिन्ह एकदा वजाबाकी सांगते, तर एकदा ऋण संख्या. वर्गाचे चिन्ह हे मुळी चिन्हच नव्हे, वर लिहिलेला लहानसा दोन आहे. क्रमगुणिताचे उद्गारचिन्ह संख्येनंतर येते, वर्गमूळाचे चिन्ह संख्येपूर्वी येते, आणि केवलमूल्याच्या दोन उभ्या रेघा तर तिला दोन्ही बाजूंनी कोंडतात. आम्ही मोठी माणसे हे सर्व इतक्या लहानपणी गिळून बसलो आहोत की त्यात काही विचित्र आहे, असे आम्हांस वाटतही नाही. ज्यास ते वाटले, आणि वाटल्यावर जो स्वस्थ बसला नाही, अशा एका शिक्षकाचा व त्याच्या एपीएल नामक संगणकभाषेचा वृत्तान्त येथे द्यावयाचा आहे.

केनेथ आयव्हर्सन यांचा जन्म १७ डिसेंबर १९२० रोजी कॅनडातील आल्बर्टा प्रांतात, कॅमरोझ येथे झाला. घर शेतकऱ्याचे, प्राथमिक शिक्षण एका खोलीच्या शाळेत. नववीनंतर त्यांनी शाळा सोडली. एक तर ते जागतिक मंदीचे दिवस होते व शेतावर माणसांची गरज होती. दुसरे असे की, पुढे शिकून माणूस फार तर शाळामास्तर होतो अशी त्यांची समजूत होती, आणि मास्तर होण्याची त्यांस मुळीच इच्छा नव्हती. (मास्तरकीविषयी असे मत बाळगणारी मुले आमच्याही वर्गांत काही थोडी नसतात.) महायुद्धात ते प्रथम सैन्यात व नंतर विमानदलात होते, तेथे त्यांनी टपालद्वारे राहिलेला अभ्यास चालविला. १९५० साली किंग्स्टन येथील क्वीन्स विद्यापीठाची पदवी, १९५४ साली हार्वर्डची डॉक्टरेट, आणि पुढच्या वर्षापासून हार्वर्ड येथेच साहाय्यक प्राध्यापकी! मास्तरकीने त्यांस अखेर गाठलेच.

हार्वर्ड येथे तेव्हा स्वयंचलित माहितीसंस्करण या नव्या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू होत होता व तो उभा करण्याचे काम आयव्हर्सन यांच्याकडे आले. पुढ्यात विद्यार्थी, मागे फळा, आणि शिकवावयाचे काय, तर नोंदी क्रमवार कशा लावाव्या, हवी ती नोंद कशी शोधावी, यंत्राच्या पोटात अंक कसे फिरतात. हे सर्व नेमकेपणाने लिहून दाखविण्यास रूढ गणिती चिन्हे तोकडी पडू लागली. तेव्हा त्यांनी स्वतःचीच एक चिन्हपद्धती रचण्यास आरंभ केला. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच सुमारास, १९५७ साली, फोर्ट्रान ही भाषा बाहेर पडली, ती यंत्रास हुकूम देण्याकरिता. आयव्हर्सन यांची चिन्हे जाणणारे यंत्र त्या वेळी जगात एकही नव्हते. ती खडूने लिहावयाची व माणसांनी वाचावयाची होती.

१९६० साली ते आयबीएम कंपनीत गेले. १९६२ साली 'ए प्रोग्रॅमिंग लँग्वेज' हा त्यांचा ग्रंथ निघाला व त्याच्या आद्याक्षरांवरून भाषेस पुढे एपीएल हे नाव पडले. १९६४ साली आयव्हर्सन, फॉकॉफ व ससेनगुथ या तिघांनी आयबीएमच्या नव्या 'सिस्टिम ३६०' यंत्राचे समग्र वर्णन याच चिन्हांत लिहिले. यंत्राने चिन्हे वाचण्यापूर्वी चिन्हांनीच यंत्र वाचले म्हणा ना! १९६६ साली मात्र ही भाषा त्या यंत्रावर प्रत्यक्ष चालू झाली. तीसाठी टंकलेखनयंत्रात बसणारा एक विशेष गोळा करावा लागला, त्यावर ८८ खुणा होत्या. ज्या चिन्हास गोळ्यावर जागा मिळाली नाही, ते एका खुणेवर दुसरी छापून साधावे लागे.

आता भाषेचे स्वरूप. तिच्यात एकटा अंक व अंकांची रांग यांत मूलतः भेद नाही; अशा रांगेस किंवा कोष्टकास 'ॲरे' म्हणतात. २ ३ ५ ७ ही रांग घेऊन तीत १० मिळवा म्हटले की उत्तर येते १२ १३ १५ १७. अधिक चिन्हापुढे एक तिरकी रेघ देऊन तीच रांग लिहिली की बेरीज १७ मिळते. अधिकाच्या जागी गुणाकाराचे चिन्ह ठेवले की २१०. बहुतेक अन्य भाषांत याच बेरजेकरिता नवशिक्यास एक रिकामी पेटी कल्पावी लागते, तीत शून्य ठेवावे लागते, एकेक अंक उचलून टाकावा लागतो, आणि अंक संपले की नाही हे दर खेपेस विचारावे लागते. नवशिक्यांसाठीच म्हणून १९६४ साली डार्टमथ कॉलेजात निघालेल्या बेसिक भाषेचा रस्ता हाच होता. बेरीज म्हणजे काय हे कळण्यापूर्वी हमालाने पोती कशी मोजावी हे शिकण्यासारखेच ते!

याहून सुंदर गोष्ट कोष्टकांची. १ ते १० ही रांग दोनदा घेऊन त्यांमध्ये गुणाकाराचे कोष्टकचिन्ह ठेवले की दहापर्यंतचे सर्व पाढे एका ओळीत उभे राहतात. एका रांगेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड घाला, की आमच्या आजोबांनी ओट्यावर बसून घोकलेल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी व दीडकी शेजारी शेजारी येऊन बसतात. गुणाकाराच्या जागी 'बरोबर' हे चिन्ह ठेवले की कोष्टकात कर्णावर तेवढे एक राहतात, बाकी सर्व शून्ये. 'लहान किंवा समान' ठेवले की एकांचा त्रिकोण दिसतो. मुलगा चिन्ह बदलतो, चित्र बदलते, आणि का बदलले असे तो आपण होऊनच विचारतो. शिक्षकास याहून अधिक काय हवे?

एका बाबतीत मात्र आमचे मन आयव्हर्सन यांच्या बाजूस पूर्णपणे झुकत नाही. एपीएलमध्ये गुणाकार आधी व बेरीज नंतर असा अग्रक्रम नाही. प्रत्येक चिन्हाचा अधिकार त्याच्या उजवीकडील सर्व मजकुरावर चालतो. म्हणून ३×४+५ याचे उत्तर १७ नव्हे, २७ येते. चिन्हे इतकी अधिक की त्यांचे मानपान ठरविण्यापेक्षा एकच नियम बरा, हा त्यांचा युक्तिवाद खरा आहे. पण मुलास दुसऱ्या तासाला दुसऱ्या वर्गात जावयाचे असते, आणि तेथे २७ लिहिल्यास भोपळा मिळतो!

ही भाषा नवशिक्यास सुलभ की दुर्घट, हा वाद फार रंगला. १९७५ साली डाइक्स्ट्रा या डच पंडिताने तिला पूर्णत्वास नेलेली चूक ठरविले व ती एका ओळीत जादूगिरी करणाऱ्यांची पिढी निर्माण करते असा ठपका ठेवला. जादूगिरीचा आरोप अगदीच खोटा म्हणता येणार नाही. अवघे गणित एका ओळीत कोंबून दुसऱ्यास कोडे घालण्याची हौस अनेकांस जडली होती. परंतु आयव्हर्सन यांचे शिकविणे असे नव्हते. १९६६ चे 'एलिमेंटरी फंक्शन्स' किंवा १९७२ चे 'आल्जिब्रा' ही त्यांची पुस्तके भाषेची नव्हेत, गणिताची आहेत. ज्या चिन्हाची गरज ज्या पानावर पडते ते त्या पानावर भेटते. १९७९ साली ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानातही त्यांनी हाच आग्रह धरला की, चिन्हपद्धती निराळा विषय म्हणून शिकवू नये, विषयाच्या ओघात यावी. चिन्हांची समग्र यादी पहिल्याच दिवशी नवशिक्याच्या हाती देणे म्हणजे अमरकोश पाठ झाल्याखेरीज मुलास बोलू न देणे होय; आणि एपीएल दुर्घट म्हणून ज्यांनी टाकली, त्यांपैकी पुष्कळांस ती अशीच भेटली असावी, असा आमचा तर्क आहे.

विशेष गोळा व विशेष कळपाटी यांची अडचणही होतीच. १९९० साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, आयव्हर्सन यांनी रॉजर हुई यांच्या साह्याने 'जे' नावाची दुसरी भाषा सिद्ध केली व आपली लाडकी चिन्हे टाकून साध्या कळपाटीवरील खुणांस टिंब व विसर्ग जोडून काम भागविले. सोय झाली, पण चिन्हाकडे पाहताच अर्थ सुचावा हा गुण बराचसा गेला, असे आम्हांस वाटते. संख्येच्या खालचा व वरचा पूर्णांक दाखविणारी त्यांची दोन कोपरचिन्हे तेवढी आज जगभर गणिताच्या पुस्तकांतून नांदत आहेत; ती कोणाची, हे मुलांस क्वचितच सांगितले जाते.

त्यानंतरही ते पाठ्यपुस्तकेच लिहीत राहिले. १९९१ साली 'ॲरिथमेटिक' म्हणजे पुन्हा अंकगणित, १९९९ साली सामान्य वाचकासाठी गणित. १६ ऑक्टोबर २००४ रोजी 'जे' भाषेतील एक नवा पाठ संगणकावर तयार करीत असताना त्यांस मेंदूच्या विकाराचा झटका आला, आणि तीन दिवसांनी टोरोंटो येथे, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.