दोन इंचांचा न्याय

वेलांकणीमातेच्या यात्रेस निघालेल्या आम्हां वसईकरांस शयनयानातील मऊ बाक आज स्वाभाविक वाटतात. त्यांमागे एक इतिहास आहे.

युरोपात रात्रीचा रेल्वेप्रवास प्रथम सुखकर झाला तो धनिकांसाठी. बेल्जियमच्या जॉर्ज नागेलमाकर्स यांनी १८७२ साली शयनडब्यांची कंपनी काढली. १८८३ साली त्यांची ओरिएंट एक्सप्रेस पॅरिसहून निघाली. आपल्याकडेही वरच्या वर्गाला गादी आणि गरिबाला फळी, हीच रीत होती. १९७४ साली ‘तिसरा वर्ग’ हे नाव गेले. फळी मात्र राहिली.

१९७७ साली कोकणातील राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम बसविण्याचा निर्णय त्यांनी घेतला. असे बाक असलेली गीतांजली एक्सप्रेस २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या मार्गावर सुरू झाली. तीत पहिला वर्ग ठेवलाच नव्हता.

तो नाताळचा दुसरा दिवस होता. आमच्या प्रभूला जन्मतःच गव्हाणीत निजावे लागले. म्हणून आम्ही तरी हे ओळखावे की, श्रमलेल्या गरिबाची सुखाची झोप हा कोणाचा उपकार नव्हे, तो न्याय आहे. यात्रेत खालचा बर्थ एखाद्या अनोळखी वृद्धेला देताना आपण तोच न्याय पुढे नेत असतो.