लोणी फेसायचं, चाखायचं नाही

डिसेंबर १९३०. तुमच्या बाह्या कोपराच्या वर सारलेल्या आहेत आणि उजवा हात तांब्याच्या परातीत, लोण्यात रुतलेला आहे. खोली थंड, लोणीही थंड. बोटं बधिर होत चालली आहेत. समोर बसलेली म्हातारी थांबू देत नाही. "घोट. एकाच दिशेनं घोट."

उत्तर ग्रीसमध्ये, कावाला बंदराच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर हे गाव आहे, नेआ कार्वाली. गाव नवं, माणसं जुनी. १९२४ पर्यंत ही मंडळी तुर्कस्तानात, कप्पादोकियातल्या गेल्वेरीत राहत होती. तेच जुनं कार्वाली. निघताना त्यांनी आपल्या संत ग्रेगरींचे पवित्र अवशेष बरोबर आणले. लोणी घोटायची पद्धत आणायला पेटी लागली नाही.

म्हातारी तुमच्याशी तुर्कीत बोलते. देवळातली प्रार्थना ग्रीक, घरातलं भांडण तुर्की. कोनाड्यातलं तिचं धर्मपुस्तकही तुर्कीच, फक्त ग्रीक अक्षरांत छापलेलं. इकडचे लोक अशांना 'तुर्काचं बी' म्हणून हिणवतात. १९२३ साली लोझानला ठरलेल्या ग्रीस-तुर्कस्तानमधल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत मात्र धर्म तेवढा पाहिला गेला. युद्धात आधीच पळून आलेले धरून १२ लाखांच्या आसपास ख्रिस्ती इकडे आले, ४ लाखांच्या आसपास मुसलमान तिकडे गेले. घरात कोण काय बोलतं, हे कोणी विचारलं नाही.

तुमचं बोट नकळत तोंडाकडे जातं आणि मनगटावर चापट बसते.

नाताळाआधीचा ४० दिवसांचा उपास चालू आहे. १५ नोव्हेंबरपासून मांस, दूध, लोणी, अंडी सगळं वर्ज्य. घरात आज एवढं लोणी आहे आणि ते कोणाच्याही जिभेला लागायचं नाही. मला यातच या कुराबियेची, म्हणजे नाताळाच्या या लोणी-बदामाच्या बिस्किटांची, खरी गंमत वाटते. साखर बेताची पडली का, लोण्याला वास तर नाही ना, हे चाखून बघायची सोयच नाही. बोटांनी आणि नाकानं काय कळेल तेवढंच. गोडाचा हा पदार्थ ज्या बायकांनी सांभाळला, त्या करताना दरवर्षी उपाशी होत्या.

उपासाचा हिशेबही इथे येऊन बदलला. ग्रीसच्या चर्चनं मार्च १९२४ मध्ये नवी दिनदर्शिका घेतली आणि नाताळ १३ दिवस अलीकडे आला. गेल्वेरीतला शेवटचा नाताळ जुन्या पंचांगानं झाला होता. म्हातारीला हे अजून पटलेलं नाही.

लोणी मेंढी-बकरीचं आहे, म्हणून मुळातच पांढरट. गाईच्या लोण्याला पिवळा रंग देणारं द्रव्य या दुधात जवळजवळ नसतं; आपल्या म्हशीचंही तसंच. ते आधी कढवून घेतलंय. पाणी आणि दुधाचा साका निघून गेला की पिठाला चिवटपणा येत नाही आणि कुराबिये भुसभुशीत होतात. आता ते घोटून घोटून चिरोट्याच्या साट्यासारखं हलकं व्हायला हवं. पहिल्यांदा हाताला जड लागतं, मग सैल, मग एकदम परातीत फुगून वर येतं. खांदा भरून आला तरी थांबू नका. लोण्यात धरलेली हवाच पुढे कामाला येते.

बाहेर पुरुषांचा आवाज चढलाय. जूनमध्ये अंकारात करार झाला आणि दोन्ही सरकारांनी मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे एकमेकांना माफ करून टाकले. सहा वर्षं ज्या घराच्या भरपाईची वाट पाहिली, ती कागदावर संपली. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान व्हेनिझेलॉस स्वतः अंकाराला जाऊन मैत्रीच्या करारावर सही करून आले. म्हातारी एकदा दाराकडे बघते आणि बदामाचं भांडं तुमच्याकडे सरकवते.

बदाम सालीसकट भाजलेले, जाडसर कुटलेले. पीठ किती? "मावेल तेवढं." लोणी मात्र मोजून एक ओका, म्हणजे सव्वा किलोहून थोडं जास्त. ग्रीसमध्ये हे वजन १९५९ पर्यंत चाललं. पीठ मुठीमुठीनं टाकायचं, मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. बोटांना चिकटणं थांबलं की पुरे. एक मूठ जास्त पडली तर कुराबिये दगड होतात, आणि हे नाताळाच्या दिवशीच कळतं.

छोटे गोळे वळा, तळाशी किंचित चपटे. बऱ्याच ग्रीक घरांत प्रत्येकात एक लवंग खोचतात, बाळ येशूला भेट म्हणून सुगंधी द्रव्यं आणणाऱ्या ज्ञानी पुरुषांची आठवण म्हणून.

ताटं डोक्यावर घेऊन भट्टीवर चला. पाव निघून गेल्यावर भट्टी निवत असते, तीच आच यांना सोसते. वरून रंग यायला नको. उलटून तळ बघायचा, तो फिकट बदामी झाला की ताट बाहेर. गरम असताना हात लावाल तर तुकडे पडतील. जरा निवले की गुलाबपाण्याचा शिपका आणि कुटून वस्त्रगाळ केलेली साखर. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा साखर, दिसेनासे होईपर्यंत.

आता थोडी उडी मारून आपल्या काळात या. गेल्वेरीचं नाव आता गुझेलयुर्त आहे आणि संत ग्रेगरींच्या जुन्या देवळाची मशीद झाली आहे. अवशेष नेआ कार्वालीच्या देवळात आहेत. गावात कुराबियेची दुकानं आहेत आणि त्यांची खोकी देशभर जातात.

घरी करून बघायचे असतील तर मेंढीच्या लोण्यासाठी अडून बसू नका. म्हशीचं लोणी कढवा, थिजू द्या, मग यंत्रानं का होईना, पांढरं शुभ्र होईपर्यंत फेटा. पाण्याचा थेंबही घालू नका. आणि खाताना श्वास आत ओढू नका, पिठीसाखरेचा ठसका लागतो.