ज्ञानप्रसारक सभेंतील निबंधवाचन व मुंबईतील मुलींच्या शाळा

बखरी, सनदा व मोडी दप्तरें यांच्या शोधांत आपले संग्राहक अहोरात्र झटतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर छापलेल्या मासिकांचे सुटे अंक त्यांच्या दृष्टीस क्वचितच पडतात. अशा अंकांवांचून मुंबईंतील शिक्षणाचा एक महत्त्वाचा प्रसंग नीट उलगडत नाहीं, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्यापूर्वीं उच्च शिक्षणाचें केंद्र एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन हें होतें. तेथील प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें अध्यापक व विद्यार्थी यांनीं १८४८ सालीं 'स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापिली. तिच्या बैठकी इंग्रजींत होत. इंग्रजी न जाणणाऱ्या लोकांपर्यंत विद्या पोंचावी म्हणून त्याच सालीं तिच्या मराठी व गुजराती शाखा, म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, निघाल्या. मराठी सभेचें अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांजकडे होतें. एखाद्या सभासदानें आटोपशीर निबंध वाचावा व मग त्यावर चर्चा व्हावी, अशी या सभांची रीत होती.

या वाचनाचें मोल केवळ शब्दांत राहिलें नाहीं, याचें प्रमाण १८४९ सालीं मिळालें. बेहरामजी गांधी यांनीं स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. त्याची परिणति अशी झाली कीं, सभासदांनीं स्वतःच मुलींस शिकविण्याचें पत्करिलें. दादाभाई नौरोजी प्रभृति तरुण आपलें कॉलेजांतील काम सांभाळून, वेतन न घेतां, सकाळीं हे वर्ग चालवीत. आरंभीं ४४ पारशी व २४ हिंदु मुली आल्या. पुढें जगन्नाथ शंकरशेट यांनीं मराठी शाळेस आपल्या वाड्यांत जागा दिली.

मुंबईस अग्रपूजेचा मान द्यावा, असा आमचा हेतु नाहीं. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालींच मुलींची शाळा काढिली होती, व मिशनऱ्यांच्या शाळा त्याहूनहि जुन्या आहेत. मुंबईच्या प्रसंगाचें वैशिष्ट्य निराळें आहे: ज्यांनीं निबंध ऐकून वाद केला, तेच पुढें पंतोजी झाले. विद्वानाचें भाषण किती ऐकिलें गेलें, यापेक्षां त्यानें श्रोत्यांवर कोणतें काम सोंपविलें, ही कसोटी आम्हांस अधिक खरी वाटते.

बोललेला शब्द हवेंत विरतो. त्याचा जो अंश टिकला, तो 'मराठी ज्ञानप्रसारक' या मासिकांत. तें १८५० पासून १८६७ पर्यंत चाललें. ज्यांच्या घरीं त्याचे अंक असतील, त्यांनीं तें केवळ जुनें कागद समजूं नये. बांधणी करितांना वेष्टणाचें पान फाडूं नये, समासांतील टिपणें व मालकाचें नांव पुसूं नये. कारण निबंध कोणीं वाचला हें छापील पानावरून कळेल, परंतु तो कोणाच्या घरापर्यंत पोंचला, हें त्या हस्ताक्षरांवरूनच कळणार आहे.