कावसजीचे नाक

बहारीनची राजधानी मनामा. तिच्या हूरा भागात मी राहतो. नाक सुबक करून घेणे ही आखाती देशांत आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. गंमत म्हणजे अरबीत नाकाला 'अन्फ' म्हणतात आणि 'अनफा' म्हणजे स्वाभिमान! आपल्याकडेही अब्रू गेली की नाकच कापले जाते. पण ज्याचे नाक खरोखरच कापले गेले होते, अशा एका मराठी माणसाची गोष्ट आज सांगायची आहे.

तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज, मराठे आणि निजाम मिळून टिपू सुलतानाशी लढले. कावसजी हा इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर होता. नाव पारशी वाटते, पण जुन्या नोंदीत तो मराठा शेतकरी असल्याचे म्हटले आहे. १७९२च्या सुमारास तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे त्याला कंपनीचे पेन्शन मिळाले, पण वर्षभर तो नाकाविनाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले.

पद्धत ऐकण्यासारखी आहे. मेणाच्या पातळ पत्र्याचा नाकाएवढा आकार करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोलायची, पण दोन डोळ्यांच्या मधला चिंचोळा भाग जोडलेलाच ठेवायचा. सगळी मेख इथे आहे. त्या भागातून रक्त येत राहते, म्हणून कातडी मरत नाही. ती वळवून खाली नाकाच्या जागी बसवायची आणि वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या ठेवायच्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो जोड कापायचा. इंजिनियरच्या भाषेत सांगायचे तर, नवी लाईन चालू झाल्याशिवाय जुनी तोडायची नाही.

मुंबईच्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात त्याची हकीकत एका पत्रातून चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी वापरण्याची ही रीत सुधारलेल्या रूपात आजही चालते.

नाक पक्के बसते, जवळजवळ खऱ्यासारखे दिसते आणि कपाळावरचा वण पुढे फारसा कळत नाही, अशी ग्वाही त्या पत्रात आहे. पण ही ग्वाही बघणाऱ्यांची. कारागिराचे नाव त्यात नाही आणि कावसजीचे मतही नाही.

हल्ली रुग्णाला विचारण्याची रीत आहे. रॅमसी अलसर्राफ या अमेरिकन डॉक्टरने २००० साली यासाठी सहा प्रश्नांची यादी केली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण. श्वास नीट घेता येतो का, हा एकच प्रश्न शरीराच्या कामाचा. बाकीचे असे: दिसणे आवडते का, जवळच्यांना आवडते का, चारचौघांत वावरताना अडते का, नाक शक्य तितके चांगले दिसते याची खात्री आहे का, पुन्हा बदल करावासा वाटतो का.

कावसजीच्या बाबतीत चारचौघांचा प्रश्न सगळ्यात मोठा असणार. त्या काळी नाक कापणे ही चोरीची किंवा व्यभिचाराची शिक्षा होती. अनोळखी गावात त्याला युद्धकैदी कोण समजणार? लोक गुन्हेगारच समजणार! नव्या नाकाने हात परत आला नाही, पण हा संशय नक्कीच कमी झाला असेल.

नाक बसवल्यावर जेम्स वेल्स या चित्रकाराने त्याचे चित्र काढले. मासिकात छापले ते त्यावरूनच. नवे नाक दाखवायला कावसजी आनंदाने बसला असेल असे मला वाटते. पण तो कंपनीचा पेन्शनर होता. साहेबाला नाही म्हणायची सोय त्याला होती का, हेही कोणी विचारले नसावे.