बुद्धिबळातील नियमांतरित कूटप्रश्न

बुद्धिबळाच्या पटावर हेतुपूर्वक मांडलेल्या स्थितीतून ठराविक चालींत मात करणे किंवा सांगितलेली अन्य अट पुरी करणे, यास बुद्धिबळातील कूटप्रश्न म्हणतात. ज्या कूटप्रश्नांत नेहमीच्या मोहऱ्यांखेरीज कल्पित मोहरी योजलेली असतात, किंवा चालीचे, मारण्याचे वा मात करण्याचे नियम बदललेले असतात, त्यांना नियमांतरित कूटप्रश्न म्हणता येईल. पाश्चात्त्य देशांत त्यांना ‘फेअरी’ हे नाव आहे. हे नाव मेलबर्न येथील हेन्‍री टेट याने 1914 मध्ये सुचविले.

कूटप्रश्नांची परंपरा प्राचीन आहे. अरबी खेळाडूंनी नवव्या शतकापासून अशा स्थितींचे संग्रह केले. त्यांना ते ‘मन्सूबा’ म्हणत. बेत या अर्थाचा मराठीतील ‘मनसुबा’ हा शब्द त्याचेच रूप होय. भारतात घोड्याने पटावरील प्रत्येक घर एकदाच ओलांडण्याचे कूट विशेष प्रिय होते. रुद्रटाच्या काव्यालंकारात (नववे शतक) त्यावर आधारलेली श्लोकरचना आढळते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. 1126–38) याच्या मानसोल्लास या ग्रंथातही बुद्धिबळाचे वर्णन आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्ट याने सतराव्या शतकात नीतिमयूखात या खेळाचे नियम व घोड्याचे भ्रमण दिले. औरंगाबादच्या हरिकृष्ण यांचा क्रीडाकौशल्य हा ग्रंथ 1871 मधील आहे.

महाराष्ट्रात आणि भारताच्या इतर भागांत प्रचलित असलेल्या देशी खेळाचे नियम आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांहून वेगळे होते. प्यादे आरंभीही एकच घर चाले. किल्लेकोट करण्याची आजची रीत नव्हती. तिच्याऐवजी शह न मिळालेल्या राजाला एकदा घोड्याची चाल करता येई. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे, ज्या मोहऱ्याच्या पट्टीत ते पोहोचले त्याच मोहऱ्याचे रूप घेई. एका बाजूचा केवळ राजा उरल्यास ‘बुर्ज’ होई आणि तो पूर्ण विजय गणला जात नसे. प्याद्याने केलेली मात सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाई. प्रदेशपरत्वे या नियमांत आणखी भेद पडत.

या भेदांमुळे कूटप्रश्नाचे उत्तरच बदलते. घोड्याच्या पट्टीतील प्यादे सातव्या घरात आहे असे समजू. आंतरराष्ट्रीय नियमाने ते पुढच्या चालीस वजीर होऊन शह देऊ शकेल. देशी नियमाने ते घोडाच होईल, आणि वजिराच्या भरवशावर मांडलेली मात सुटणार नाही. राजाच्या घोडचालीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. राजाला पूर्वी शह मिळाला होता की नाही, हे केवळ पटावरील स्थिती पाहून कळत नाही. म्हणून स्थितीबरोबर तिचा इतिहासही सांगावा लागतो. आधुनिक कूटप्रश्नांत किल्लेकोटाचा हक्क शिल्लक आहे काय, हे मागील चालींवरून शोधावे लागते. तो प्रश्न याच जातीचा आहे.

त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतातून भाषांतरित केलेला कूटस्थितींचा इंग्रजी संग्रह मुंबईत 1814 मध्ये छापला गेला. तो पाश्चात्त्य खेळपद्धतीस अनुरूप केल्याचे त्याच्या नावातच नमूद आहे. देशी व पाश्चात्त्य पद्धतींच्या संधिकालाची ही महत्त्वाची खूण होय. भारतीय संग्रहांत अमुक मोहऱ्यानेच, विशेषतः प्याद्यानेच, मात करावी अशा अटी वारंवार येतात. अट घालून कूट अवघड करण्याची ही वृत्ती नियमांतरित कूटप्रश्नांना जवळची आहे.

विसाव्या शतकात या प्रकाराला शास्त्रीय रूप मुख्यतः टॉमस रेनर डॉसन (1889–1951) या इंग्रज रचनाकाराने दिले. त्याचा ‘ग्रासहॉपर’ (नाकतोडा) वजिराच्या रेषांवरून जातो. मात्र वाटेतील एक मोहरे ओलांडून त्याच्या लगतच्या पलीकडील घरातच उतरतो. त्याचा ‘नाइटरायडर’ एकाच दिशेने घोड्याच्या अनेक उड्या घेतो. ‘साहाय्यमात’ या प्रकारात दोन्ही बाजू मिळून काळ्या राजावर मात घडवितात. अब्दुल जब्बार करवतकर यांनी 1979 मध्ये सुचविलेल्या ‘मद्रासी’ नियमानुसार विरुद्ध रंगाचे समान मोहरे ज्यावर मारा करते, ते मोहरे निश्चेष्ट होते; त्याला चाल करता येत नाही व शहही देता येत नाही. त्यामुळे मोकळ्या रेषेत समोरासमोर आलेले दोन वजीर परस्परांना जखडून टाकतात. या नियमाने भारतीय कल्पना जागतिक कूटरचनेत स्थिर झाली.

देशी खेळातूनही मोठे खेळाडू घडले. देशी नियमांनी खेळणे शिकलेल्या मीर सुलतान खान याने 1929, 1932 व 1933 मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. तथापि स्पर्धांसाठी एकच नियमावली आवश्यक ठरली. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना 1951 मध्ये झाली. एलुरू येथे 1955 मध्ये झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सांगली येथे नूतन बुद्धिबळ मंडळ व भाऊसाहेब पडसलगीकर यांनी स्पर्धांची जी परंपरा जोपासली, तीही आंतरराष्ट्रीय नियमांचीच होती.

या एकरूपतेने भारतीय खेळाडूंना जगाची दारे उघडली. परंतु देशी कूटस्थिती त्यामुळे दुर्बोध झाल्या. आजचा अभ्यासक त्या आंतरराष्ट्रीय नियमांनी सोडवू गेल्यास त्याला त्या सदोष वाटतात. एके काळी घराघरांत रूढ असलेले नियम आता ‘बदललेले’ ठरले आहेत. म्हणून जुन्या संग्रहांचे संपादन करताना स्थितीबरोबर तिचे नियमही नोंदविणे अगत्याचे आहे; त्यांवाचून मोहरी उरतात, कूट उरत नाही.