वजनाचं ऑपरेशन: निर्णय घेण्याआधी पुरुषांनी कुणाशी मशवरा करावा?

आपल्या घरांत शेत विकायचं असो, मुलीचं नातं ठरवायचं असो की हजचा फॉर्म भरायचा असो, चार जाणत्या माणसांशी मशवरा केल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र पुरुष गप्प बसतात. गुडघे दुखतात, साखर वाढते, रात्रीच्या घोरण्याने अख्खं घर जागं राहतं, सज्द्यातून उठताना हाताचा आधार लागतो, तरी "आमच्या खानदानातच शरीर भारी आहे" म्हणून विषय संपवला जातो. मग एखाद्या दिवशी डॉक्टर ऑपरेशनचं नाव काढतात. तेव्हा तो माणूस एकतर घाबरून परत फिरतो, नाहीतर कुणाला न सांगता जाऊन ऑपरेशन करून येतो. दोन्हीत नुकसान आहे.

ज्यांनी हे ऑपरेशन करून घेतलं आहे अशा दोन-तीन पुरुषांशी आधी बोलणं का गरजेचं आहे, अशी माणसं कुठं भेटतात आणि त्यांना काय विचारायचं, याची माहिती इथं एकत्र दिली आहे.

हे ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

याला बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात. पोटावरची चरबी काढण्याचं हे ऑपरेशन नाही. यात जठर लहान केलं जातं, म्हणजे जेवण जिथं साठतं ती पिशवी. बहुतेक वेळा हे दुर्बिणीने होतं.

दोन प्रकार जास्त चालतात. "स्लीव्ह" मध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. हा भाग परत लावता येत नाही. "बायपास" मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत भुकेची जाणीव देणारे शरीरातले रस बदलतात, म्हणून भूक कमी होते आणि साखरही उतरते. पहिल्या एक-दोन वर्षांत एकूण वजनाच्या साधारण चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा कमी होतो.

धोका किती? मोठ्या, अनुभवी केंद्रांत जीव जाण्याचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. शिवलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी होणं हे धोके कमी असले तरी खरे आहेत.

कुणासाठी आहे? बीएमआय काढायला शिका

किलोतलं वजन घ्या. मीटरमधल्या उंचीचा वर्ग करा. वजनाला त्या वर्गाने भागा. उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ११० किलो असेल तर १.७ गुणिले १.७ म्हणजे २.८९. ११० भागिले २.८९ म्हणजे साधारण ३८. हा झाला बीएमआय.

१९९१ पासून अमेरिकेतला नियम असा होता की बीएमआय ४० असेल, किंवा ३५ असून सोबत मोठा आजार असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. आपल्या लोकांना कमी वजनातच साखर आणि हृदयाचे आजार धरतात. म्हणून भारतीय डॉक्टरांनी ही मर्यादा ३७.५ आणि ३२.५ अशी खाली आणली. २०२२ मध्ये जगभरातल्या सर्जन संघटनांनी ती आणखी खाली आणली आहे.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. आरोग्य विम्याचा नियम वेगळा आहे. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अटींप्रमाणे वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. बीएमआय ३५ च्या पुढे असेल तर त्यासोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक हवा आणि साधे उपाय करून ते निष्फळ ठरलेले हवेत. लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास आणि काबूत न येणारी साखर हे ते आजार. म्हणजे डॉक्टर "चालेल" म्हणाले तरी विमा कंपनी "नाही" म्हणू शकते. ॲडमिट होण्याआधी लेखी मंजुरी घ्या.

पुरुष मागे का राहतात?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५) भारतातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले. म्हणजे वजनाचा त्रास दोघांना जवळजवळ सारखाच. तरी जगभरात हे ऑपरेशन करणाऱ्या दर चार जणांत साधारण तीन बाया असतात. पुरुष उशिरा येतात. येतात तेव्हा वजन जास्त वाढलेलं असतं आणि साखर, बीपी, घोरणं सगळं सोबत घेऊन येतात. त्यामुळे त्यांचा धोकाही वाढतो.

कारण मोठं गुंतागुंतीचं नाही. भरल्या अंगाचा पुरुष आपल्याकडे "खात्यापित्या घरचा" समजला जातो. दावतीत दोन प्लेट बिर्याणी खाणाऱ्याचं कौतुक होतं. आणि मदत मागणं म्हणजे कमजोरी, हे लहानपणापासून मनात बसलेलं असतं.

चेष्टेचं एक उदाहरण सगळ्या देशाने पाहिलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका लठ्ठ पोलिसाचा फोटो टाकून मुंबईच्या बंदोबस्तावर विनोद केला. तो पोलीस मुंबईचा नव्हताच. ते मध्य प्रदेशातल्या नीमचचे इन्स्पेक्टर दौलतराम जोगावत होते आणि त्यांचं वजन १८० किलोंच्या आसपास होतं. हे जास्त खाण्याने नाही, आजाराने झालं आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर मोफत ऑपरेशन झालं. उपचार मिळाला ही चांगली गोष्ट, पण त्यासाठी आधी देशभर हसं व्हावं लागलं.

मोठ्या पदांवरच्या पुरुषांनीही हे ऑपरेशन केलं आहे. नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत केलं. अरुण जेटली यांनी २०१४ मध्ये साखरेच्या जुन्या आजारामुळे दिल्लीत केलं आणि त्यानंतर त्यांना पुन्हा दवाखान्यात राहावं लागलं. पण पेपरात येते ती ऑपरेशनच्या दिवसाची बातमी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो माणूस जेवतो कसा, हे बातमीत नसतं. ते सांगणारा माणूस शोधावा लागतो.

लपवून केलेलं ऑपरेशन सांभाळता येत नाही

ऑपरेशननंतरचे नियम आयुष्यभराचे आहेत. पहिले दोन आठवडे फक्त पातळ: गाळलेली यखनी, डाळीचं पाणी, ताक. मग मऊ जेवण आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं, तेही चार-सहा घास. प्रत्येक घास बारीक चावायचा. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट प्यायचं. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या कायमच्या, आणि ठरलेल्या वेळी रक्त तपासणी.

आता ही गोष्ट लपवणारा माणूस वलीम्यात काय करील? दस्तरखानावर मामू आग्रह करतील, दोस्त ताटात नळी टाकतील. तो "नाही" म्हणू शकत नाही आणि खाल्लं तर उलटी होते. शीरखुर्मा जास्त झाला तर, खासकरून बायपासवाल्याला, घाम फुटतो, छाती धडधडते, चक्कर येते. घरात माहीत नाही म्हणून गोळ्या कपाटात लपतात, हळूहळू सुटतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी हातापायाला मुंग्या येतात, रक्त कमी होतं. वजनही परत चढू लागतं.

काही रुग्णांत ऑपरेशननंतर उदासी किंवा नशेची सवय वाढल्याचंही अभ्यासांत दिसलं आहे. अशा वेळी एकटा माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे.

एकाच दुखण्यातली माणसं एकत्र बसतात तेव्हा

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये दारू सोडू पाहणाऱ्या दोन माणसांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं. आपल्या महाराष्ट्रात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथं व्यसनातून बाहेर आलेली माणसंच नव्याने आलेल्यांना आधार देतात आणि रुग्णांच्या बायकांसाठीही गट चालतो. लाज वाटणाऱ्या विषयावर मराठी पुरुष बोलत नाहीत, असं कुणी म्हणेल तर मुक्तांगणकडे बोट दाखवावं. समोरचा त्याच वाटेने गेलेला असेल तर पुरुष बोलतात.

वजनाच्या ऑपरेशनमध्येही असे गट मोठ्या केंद्रांत असतात. गटाच्या बैठकांना नियमित येणाऱ्यांचं वजन जास्त चांगलं टिकतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे.

धनजसारख्या गावातल्या माणसाने काय करावं?

कारंजा तालुक्यातल्या धनजमध्ये असा गट कुठून मिळणार? पण सुरुवात करता येते.

१. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई, जिथं दाखवाल तिथं पहिल्याच भेटीत विचारा: "तुमच्याकडे रुग्णांचा गट आहे का? फोनवर किंवा व्हिडिओवर बसता येतं का?" कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर जवळ आलं आहे, तरी दर महिन्याला बैठकीला जाणं रोजंदारीच्या माणसाला जमत नाही. फोनवरचा गट जास्त कामाचा.

२. निदान तीन पुरुषांशी बोला. एकाचं ऑपरेशन सहा महिन्यांपूर्वीचं असावं, एकाचं दोन वर्षांपेक्षा जुनं. तिसरा असा हवा की ज्याला त्रास झाला किंवा ज्याचं वजन परत वाढलं. दवाखाना फक्त खूश रुग्णच भेटवत असेल तर तसं स्पष्ट बोलून दाखवा.

३. जो स्वतःच्या अनुभवापेक्षा पॅकेजचा दर जास्त सांगतो, तो साथी नाही, एजंट आहे.

४. शक्य असेल तर पहिल्या बोलण्यानंतर बायकोलाही बोलणं करून द्या. स्वयंपाकघर बदलणार आहे, ते तिला आधी कळलं पाहिजे.

५. कुणी बारीक दिसला म्हणून ऑपरेशनच केलं असेल असं धरू नका. गायक अदनान सामी यांचं वजन शंभर किलोंहून जास्त उतरलं, पण आपण बॅरिॲट्रिक ऑपरेशन केलेलं नाही असं ते स्वतः सांगतात. प्रत्येकाची वाट वेगळी असते.

काय विचारायचं?

"किती किलो उतरलं?" हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याने फारसं काही कळत नाही. हे विचारा:

- एकूण खर्च किती आला? नंतरच्या गोळ्या आणि तपासण्यांना वर्षाला किती लागतात?
- किती दिवसांनी कामावर गेलात? शेतातलं किंवा हमालीचं जड काम कधी सुरू केलं?
- खर्रा, तंबाखू, बिडी सोडली का? कशी? (तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, बायपासनंतर अल्सर होऊ शकतो. डॉक्टर आधीच सोडायला सांगतात.)
- केस गळाले का? कातडी लोंबली का? मूड कसा राहिला?
- नवरा-बायकोच्या नात्यात काय फरक पडला? (हे डॉक्टरांना विचारायला माणूस लाजतो. लठ्ठपणाने पुरुषी हार्मोन कमी होतात आणि वजन उतरल्यावर बहुधा सुधारतात.)
- कोणत्या गोष्टीचा पस्तावा होतो?

दीनशी संबंधित प्रश्न

उपचारासाठीचं ऑपरेशन आणि फक्त दिसण्यासाठीचं ऑपरेशन यांत उलेमा फरक करतात. डॉक्टरांचा कागद घेऊन आपल्या भरवशाच्या आलिमांशी बोला. रोज्यांचं म्हणाल तर पहिलं वर्ष-दीड वर्ष डॉक्टर बहुधा रोजे ठेवू नका म्हणतात, कारण पाणी आणि प्रथिनं थोड्या वेळात भरून काढता येत नाहीत. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिलेली आहे, कजा आणि फिदयाचं आलिमांना विचारा. कॅप्सूलमधल्या जिलेटिनची शंका असेल तर गोळीच्या रूपातली औषधं मागा, बऱ्याचदा मिळतात.

साथीदार काय सांगू शकत नाही?

स्लीव्ह करायची की बायपास, की आता बाजारात आलेली वजनाची इंजेक्शनं आधी वापरून पाहायची, हे डॉक्टरांनी तुमचे रिपोर्ट पाहून ठरवायचं. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी दुसऱ्याच्या सांगण्यावरून कमी करणं जिवावर बेतू शकतं. अंगदुखीची गोळीही ऑपरेशननंतर मनाने घ्यायची नाही, त्यातल्या काहींनी पोटात जखमा होतात.

साथीदाराचं काम वेगळं आहे. मध्यरात्री उलटी झाली तर तो "हे मलाही झालं होतं, आज एवढं पाणी पी, उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर" म्हणतो. आणि "पोट कडक झालं, ताप आहे, नाडी पळते आहे, आत्ताच गाडी काढ" हेही तोच म्हणतो.

तुमच्या घरात, मोहल्ल्यात असा कुणी असेल तर त्याच्या ताटाकडे बघून हसू नका. आणि तुम्ही स्वतः ही वाट चाललेले असाल तर नाव न छापता का होईना, पुढच्या माणसाला आपला नंबर द्या. आपल्या गावाकडे गट नाही, तो असाच एकेका माणसाने बनेल.