ई-मेल संदेशशीर्षाचे प्रमाणीकरण

संगणकजालावरून जाणाऱ्या संदेशाच्या प्रारंभी प्रेषक, प्राप्तकर्ता, दिनांक, विषय इ. तपशील ज्या ओळींत नोंदलेला असतो, त्यांस संदेशशीर्ष म्हणतात. या ओळी सॉफ्टवेअर रचते व मार्गातील सॉफ्टवेअरच त्या प्रथम वाचते. त्यामुळे उभयपक्षी मान्य असा नियम आवश्यक ठरतो.

टपालाच्या पत्त्यांबाबत ही गरज भारतात अगोदरच जाणवली होती. सारखी गावनावे व निरनिराळ्या भाषांतील पत्ते यांमुळे होणारा घोटाळा टाळण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. तीनुसार ठाणे शहर (४०० ६०१) मुंबईच्या ४०० या गटात येते, तर कल्याण (४२१ ३०१) व डोंबिवली (४२१ २०१) ही ४२१ या गटात मोडतात.

सप्टेंबर १९७३ मध्ये अभय भूषण, केन पोग्रन, रे टॉमलिन्सन व जिम व्हाइट यांनी अमेरिकेतील आर्पानेटसाठी संदेशशीर्षाच्या प्रमाणीकरणाचा प्रस्ताव (आरएफसी ५६१) मांडला. भूषण हे कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर होत. डेव्हिड क्रॉकर यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये सिद्ध केलेल्या आरएफसी ८२२ची जागा २००१ मध्ये आरएफसी २८२२ने व २००८ मध्ये आरएफसी ५३२२ने घेतली. त्यानुसार प्रेषक व दिनांक ही क्षेत्रे अनिवार्य असून भारतीय प्रमाणवेळ ‘+०५३०’ अशी अंकांतच द्यावी लागते. ‘आयएसटी’ हे संक्षेप इझ्राएल व आयर्लंड येथेही वापरात असल्याने संदिग्ध ठरते.

मूळ नियमांत केवळ आस्की संचातील रोमन चिन्हांना स्थान होते. १९९२ मधील ‘माइम’ योजनेने इतर लिप्यांसाठी सांकेतिक शब्दांची सोय केली. असा शब्द ७५ चिन्हांहून लांब नसावा, असा दंडक आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने, बेस-६४ रूपांतरानंतर एका सांकेतिक शब्दात काना, मात्रा, हलन्त धरून जास्तीत जास्त १५ देवनागरी चिन्हे मावतात. ‘कल्याण-डोंबिवली महानगरपालिका’ या नावातील पहिला शब्द त्यात जेमतेम बसतो; दुसऱ्यासाठी स्वतंत्र सांकेतिक शब्द लागतो. दोन सांकेतिक शब्दांमधील मोकळी जागा वाचताना गाळली जात असल्याने ती संकेतातच समाविष्ट न केल्यास दोन्ही शब्द जोडले जातात. केवळ बाइट मोजून तोडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे अक्षर मध्येच फुटते व विषय अवाच्य होतो.

२०१२ मधील आरएफसी ६५३२ने शीर्षात यूटीएफ-८ थेट लिहिण्यास मुभा दिली. परंतु मार्गातील सर्व सर्व्हरांना ती मान्य असावी लागते, म्हणून जुनी पद्धतही टिकून आहे. सदोष शीर्षाचा संदेश नाकारला जाऊ शकतो वा अवांछित टपालात टाकला जाऊ शकतो. पाणीपट्टीची सूचना किंवा परीक्षेचे प्रवेशपत्र अशा रीतीने हरवल्यास प्राप्तकर्त्यास त्याचा पत्ताही लागत नाही. प्रमाणपालनाचे महत्त्व यातच आहे.